प्रश्नमंजूषा नको, परीक्षा हवी

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या गांवांनीं मिळून एक अभ्यासमंडळ काढावें, आणि त्यांत प्रवेश वर्गणी देऊन नव्हे तर परीक्षा देऊन मिळावा, अशी कल्पना आमच्या कांहीं मित्रांनीं मनावर घेतली आहे. या मित्रांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, माध्यमिक शाळांतील शिक्षक आहेत, रेल्वेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, आणि उसाची शेती सांभाळून इतिहासाचीं पुस्तकें वाचणारे एक बागाईतदारहि आहेत. कल्पना चांगली आहे एवढेंच सांगावयाचें असतें तर लेख लिहिण्याची जरुरी नव्हती. परंतु परीक्षेचें स्वरूप काय असावें या प्रश्नावर गेल्या दोन बैठकींत जें मत बहुमताच्या बळावर पुढें सरकत आहे, तें आम्हांस इतकें अनिष्ट वाटतें कीं, त्याविरुद्ध उघडपणें लिहिणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

तें मत असें. शंभर प्रश्न, प्रत्येकाखालीं चार उत्तरें, वेळ एक तास. इतिहासाचे वीस, विज्ञानाचे वीस, साहित्याचे वीस, अर्थशास्त्राचे वीस, चालू घडामोडींचे वीस. साठ गुण मिळवील तो सभासद. पत्रिका यंत्रानें तपासावी आणि निकाल दुपारच्या जेवणापूर्वीं लावावा. या योजनेची तरफदारी करतांना तिच्यांत अनेक शास्त्रांचा समावेश होतो हा गुण पुनःपुन्हां सांगितला जातो. आमचें म्हणणें असें कीं, हा समावेश नव्हे, ही शेजारशेजारची मांडणी आहे. पांच बरण्यांतले पांच जिन्नस एका ताटांत ओतले म्हणून स्वयंपाक झाला असें कोणी म्हणत नाहीं. इतिहासाचा प्रश्न संपला, खालीं रेघ ओढली आणि विज्ञानाचा सुरू झाला, एवढ्यानें इतिहास व विज्ञान यांची गांठ पडत नाहीं. ती उमेदवाराच्या डोक्यांत पडावी लागते, आणि पडली कीं नाहीं हें पाहणें हेंच परीक्षेचें काम आहे.

अशी गांठ पाडणारा प्रश्न शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. शिरूर तालुक्यांतच घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं तेथें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. सांकळिया, ढवळीकर व अन्सारी यांचीं नांवें त्या कार्याशीं जोडलेलीं आहेत. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत या ठिकाणीं शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. मधल्या काळांतील लोक ऐसपैस चौकोनी घरांतून राहत. अखेरच्या काळांत लहान लहान गोल झोपड्या दिसूं लागतात, आणि मग वस्ती ओस पडते. आतां प्रश्न इतकाच: ती ओस कां पडली? हवामान कोरडें होत गेलें हें कारण ढवळीकरांनीं पुढें मांडलें. तें पारखावयाचें तर जळक्या दाण्यांवरून पीक ओळखणारें वनस्पतिशास्त्र लागतें. दांतांवरून व हाडांवरून माणसाचा आहार सांगणारें शरीरशास्त्र लागतें. जुन्या काळच्या पावसाचा अदमास घेणारें हवामानशास्त्र लागतें. घराच्या आकारावरून घरांतल्यांची सांपत्तिक स्थिति ठरविणें कितपत न्याय्य आहे, हें विचारणारें समाजशास्त्र लागतें. आणि या सर्वांच्या वर, एक गोष्ट दुसरीच्या मागून आली म्हणून ती तिच्यामुळेंच आली असें ठरत नाहीं, हें ध्यानांत ठेवणारा तर्क लागतो. गोल झोपडी ही दारिद्र्याचीच खूण कशावरून? मेंढरांमागें फिरणारा मनुष्य सधन असला तरी चौकोनी वाडा कशाला बांधील? या एका प्रश्नाला आम्ही तीन तास देऊं, आणि पुस्तकें जवळ बाळगण्यास परवानगीहि देऊं. कारण ज्याला हा प्रश्नच समजला नाहीं त्याला पुस्तकाचा उपयोग होणार नाहीं.

हाच विषय शंभर प्रश्नांच्या पत्रिकेंत कसा येईल? इनामगांव कोणत्या नदीच्या कांठीं आहे? अ, ब, क, ड. त्या बाजूच्या कोणत्याहि मुलाला याचें उत्तर ठाऊक असतें, आणि तें ठाऊक असल्यानें त्याला इनामगांवाविषयीं कांहीं समजलें असें होत नाहीं. मुलाचा यांत दोष नाहीं. प्रश्नानेंच त्याच्यापाशीं त्याहून अधिक मागितलें नव्हतें.

दुसरा प्रश्न आजचा घ्या. शिरूर, जुन्नर, आंबेगांव व दौंड या भागांत उसाच्या फडांत बिबटे राहतात, तेथेंच वितात, आणि तोडणी सुरू झाली म्हणजे त्यांचीं पिलें उघड्यावर पडतात. माणसें दगावलीं आहेत. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. हा प्रश्न प्राणिशास्त्राचा, पाटबंधाऱ्यांचा, कायद्याचा कीं साखरेच्या भावाचा? कालवे व धरणें नसतीं तर एवढा ऊस नसता; कारखाने नसते तर तो लावला गेला नसता; ऊस वर्षभर उभा राहत नसता तर जनावराला दडण मिळालें नसतें; आणि गांवाच्या कडेला मोकाट कुत्रीं व उघडीं शेरडें नसतीं तर त्याचें पोट भरलें नसतें. बिबटे पकडून दूर नेऊन सोडावेत हा उपाय लोकांना सहज सुचतो. तो जुन्नर भागांत करून पाहिला गेला, आणि सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले असा निष्कर्ष अभ्यासकांनीं काढलेला आहे. उमेदवाराला आम्ही एवढेंच सांगूं: तुम्ही ग्रामसभेपुढें उभे आहांत, समोर ज्याचें मूल गेलें आहे असा बाप बसला आहे, ठराव लिहा, आणि प्रत्येक कलमाला कारण द्या. असा ठराव लिहूं शकणारा मनुष्य आमच्या मंडळांत आला तर आम्हांस धन्यता वाटेल, मग त्याला राष्ट्रकूटांची वंशावळ पाठ नसली तरी चालेल.

तिसरा प्रश्न कोरेगांवचा. तो टाळावा असें बैठकींत सुचविण्यांत आलें. आमच्या मतें तोच प्रथम घातला पाहिजे. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेकांठीं लढलेली कप्तान स्टाँटनची तुकडी आदल्या रात्रीं शिरूरच्या छावणींतून निघाली होती. या लढाईचें महत्त्व कोणाला किती वाटतें, आणि तें कां वाटतें, यावरून २०१८ च्या जानेवारींत याच तालुक्यांत काय घडलें हें सर्वांस ठाऊक आहे. अशा विषयावर निकाल कोणाच्या बाजूनें द्यावा हें परीक्षा सांगणार नाहीं. कोणतें साधन कोणीं, केव्हां व कोणाला उद्देशून लिहिलें, आणि दगडी स्तंभ हा पुरावा असेल तर तो नेमका कशाचा, एवढेंच ती विचारील. ज्याला स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा नीट मांडतां येत नाहीं, त्याला अभ्यासमंडळापेक्षां दुसरीं मंडळें पुष्कळ आहेत. (शिरुरास १८०९ मध्यें वारलेल्या कर्नल वॉलेस नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला गांवकरी सत्पुरुष म्हणून नैवेद्य दाखवीत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. लोकांच्या भक्तीचा मार्ग कोठून कोठें जातो यावर एक सुंदर प्रश्न यांतूनहि निघेल. पण तो दुसऱ्या वर्षासाठीं ठेवूं.)

चार उत्तरांच्या पद्धतीनें आपल्या तरुणांचें काय केलें आहे, तें पाहण्यास कोणत्याहि तालुक्याच्या गांवच्या अभ्यासिकेंत जावें. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेंतील सामान्य अध्ययनाच्या पत्रिका २०१२ पासून अशा वस्तुनिष्ठ केल्या. पुढें आयोगानेंच २०२२ मध्यें वर्णनात्मक लेखनाकडे परत जाण्याचें ठरविलें, तेव्हां २०२३ च्या आरंभीं पुण्यांत विद्यार्थी रस्त्यावर बसले, आणि त्या फेब्रुवारींत बदल २०२५ पर्यंत लांबणीवर पडला. त्या मुलांस आम्ही दोष देत नाहीं. ज्यानें वर्षानुवर्षें तयारी एका प्रकारच्या परीक्षेची केली, त्याच्यापुढें अकस्मात् दुसऱ्या प्रकारची ठेवणें हा अन्याय होता, आणि त्यांनीं मुदत मागितली ती योग्यच मागितली. पण आठ ओळींचें स्वतंत्र उत्तर लिहावें लागेल या बातमीनें राज्यांतील कष्टाळू पदवीधर इतके हवालदिल व्हावेत, ही गोष्ट आम्हां शिकविणाऱ्यांना लाज आणणारी आहे. लाखो उमेदवारांची चाळण करावयाची म्हणून आयोगाला यंत्राचा आश्रय घ्यावा लागला असेल; ज्या मंडळांत वर्षाला पांच-सात माणसें घ्यावयाचीं आहेत त्याला कोणती अडचण आहे?

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं. हा पक्ष म्हणतो, परीक्षाच नको. ज्ञानाच्या दाराशीं पहारेकरी बसविणें हा या देशाचा जुना रोग आहे, तो अभ्यासमंडळाच्या नांवानें पुन्हां आणूं नका. हा आक्षेप क्षुद्र नाहीं. पुण्याच्या श्रावणमासच्या दक्षिणेचेंच उदाहरण घ्या. सेनापति दाभाडे यांनीं तळेगांवास सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनीं आपल्याकडे घेतली; शास्त्रीपंडितांची परीक्षा होऊन त्यांना योग्यतेप्रमाणें द्रव्य मिळे, आणि त्यासाठीं दूरदूरचे विद्वान पुण्यास येत. परीक्षा कठीण असे यांत संशय नाहीं. पण ती ब्राह्मणांपुरतीच होती. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टननें दक्षिणेची रक्कम कमी करून चालू ठेवली, १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८४९ मध्यें पुण्यांतील कांहीं तरुणांनीं दक्षिणेचा भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग ते कोणत्याहि जातीचे असोत, द्यावा असा अर्ज करण्याचें धाडस केलें. सनातनी मंडळी त्यांच्यावर धावून येणार असा रंग दिसला तेव्हां जोतीराव फुले आपलीं माणसें घेऊन त्यांच्या संरक्षणास उभे राहिले. १८५१ मध्यें दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली ती या चळवळीच्या फळापैकींच होय.

या इतिहासावरून परीक्षा वाईट असें अनुमान काढणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: दक्षिणेच्या व्यवस्थेंत दोष कशाचा होता? प्रश्न कठीण होते याचा, कीं प्रश्न ऐकण्यापूर्वींच जात विचारली जात होती याचा? १८४९ च्या तरुणांनीं परीक्षा बंद करा असें म्हटलें नव्हतें. पारख व्हावी, पण ती नव्या विद्येची व्हावी आणि सर्वांना खुली असावी, असें त्यांचें मागणें होतें. दार अरुंद असणें आणि दाराला कुलूप असणें या दोन गोष्टी एकच मानल्या म्हणजे कुलूप घालणाराचेंच फावतें. तो मग परीक्षा काढून टाकतो आणि ओळखीनें माणसें घेतो. परीक्षा नसलेलीं मंडळें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. तेथें प्रवेश शिफारशीनें मिळतो, आणि शिफारस करणारे व शिफारस होणारे बहुधा एकाच आळींत राहतात.

या बाबतींत दौंड तालुक्यानें तरी परीक्षेविरुद्ध बोलूं नये. केडगांवास ज्यांनीं आयुष्याचा उत्तरकाल घालविला आणि १९२२ मध्यें देह ठेवला, त्या पंडिता रमाबाईंच्या हातीं कोणत्या शाळेचें प्रमाणपत्र होतें? आईबापांच्या मुखानें संस्कृत शिकलेली, दुष्काळांत तीं दोघेंहि गमावलेली, पायीं हिंदुस्थान हिंडलेली ही वीस वर्षांची मुलगी १८७८ मध्यें कलकत्त्यास पोहोंचली. तेथील पंडितांनीं तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ओळख नाहीं, पैसा नाहीं, पुरुषजन्म नाहीं. वशिल्याच्या कोणत्याहि मार्गानें तिला त्या सभेंत स्थान मिळणें शक्य नव्हतें. मिळालें तें परीक्षेनें. पुढें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून मूळावरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, आणि तें केडगांवच्याच छापखान्यांत छापलें गेलें. त्यांच्या धर्मांतराविषयीं कोणाचें मत कांहींहि असो; आजच्या आमच्या चार उत्तरांच्या पत्रिकेनें त्या विद्वत्तेचा कोणता अंश मोजला असता, तें प्रतिपक्षानें सांगावें.

म्हणून परीक्षा हवी, कठीण हवी, आणि तिला बसण्यास कसलीहि अट नको. पदवी विचारूं नये, वय विचारूं नये, शुल्क घेऊं नये. उत्तरें मराठींत लिहावींत. उमेदवाराला वाटल्यास इंग्रजींत वा हिंदींत लिहावींत. उत्तरपत्रिकेवर नांव नसावें, कारण आडनांव वाचून जात ओळखण्याची विद्या आपल्याकडे फार प्रगत आहे. पहिल्या दिवशीं शिरुरास लेखी परीक्षा व्हावी: वर सांगितले तशा तऱ्हेचे सहा प्रश्न, त्यांपैकीं दोनच सोडवावयाचे, वेळ सहा तास, मध्यें जेवण. पुढच्या रविवारीं दौंडास तोंडी परीक्षा व्हावी, आणि ती बंद दाराआड न होतां गांवांतील कोणासहि येऊन ऐकतां येईल अशी व्हावी.

तोंडी परीक्षेसाठीं आम्हांस आपल्याकडील शलाकापरीक्षेची आठवण होते. मिथिलेच्या नैयायिकांत ती प्रसिद्ध होती. पोथीच्या पानांत सळई खुपसावयाची, तिचें टोंक ज्या पानापर्यंत पोहोंचेल त्या पानावरचा विषय विद्यार्थ्यानें उलगडून सांगावयाचा. युक्ति साधी आहे, पण तिच्यापुढें मार्गदर्शिका, संभाव्य प्रश्न, अपेक्षित उत्तरें सर्व निरुपयोगी ठरतात. आमच्या उमेदवारानें आपण खरोखर वाचलेल्या तीन पुस्तकांचीं नांवें आधीं कळवावींत. तिन्हीं भिन्न विषयांचीं असावींत एवढीच अट. परीक्षकानें सळईऐवजीं पोस्टकार्ड खुपसावें आणि जें पान निघेल तें वाचून दाखवून विचारावें: येथें लेखक काय म्हणतो, कोणाशीं भांडतो, आणि दुसऱ्या दोन पुस्तकांच्या लेखकांना हें मान्य झालें असतें काय? तिसऱ्या भागांतच अनेक शास्त्रांचें खरें मर्म आहे. ज्यानें पुस्तकाचीं नांवें केवळ भूषणार्थ दिलीं असतील त्याची स्थिति काय होईल याची कल्पना करवते.

हें सर्व आडगांवीं कसें जमावें, तज्ज्ञ कोठून आणावेत, असें विचारतात. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचा दाखला आम्हीं दिला तेव्हां तर कांहीं सभासद हंसले. तें कॉलेज १४३८ मध्यें स्थापन झालें, त्याच्यापाशीं द्रव्य आहे, आणि तरीहि तें वर्षाला परीक्षेनें साधारणपणें दोनच तरुण फेलो निवडतें. निम्म्या पत्रिका उमेदवाराच्या विषयाच्या व निम्म्या सर्वसाधारण. एकाच शब्दावर तीन तास निबंध लिहिण्याची त्यांची जुनी पत्रिका २०१० मध्यें बंद झाली याचें आम्हांस वाईट वाटतें. पण त्या कॉलेजपासून घ्यावयाचें तें त्याचें द्रव्य नव्हे, थोडीं माणसें फार काळजीनें पारखण्याची त्याची रीत. तिला पैसा लागत नाहीं, रविवार लागतात. शिवाय दौंड आडगांव कधींपासून झालें? मनमाडचा फांटा १८७८ पासून तेथून निघतो, मुंबई-सोलापूरचा हमरस्ता लोखंडी रुळांवरून गांवांतूनच जातो. पुण्याचा भूगर्भशास्त्रज्ञ सकाळीं येऊन संध्याकाळीं परत जाऊं शकतो, सोलापूरचाहि. आणि प्रत्येक उमेदवाराला दोन परीक्षक असावेत, एक त्याच्या विषयांतला व दुसरा मुद्दाम त्या विषयाबाहेरचा; या दुसऱ्याला तज्ज्ञता लागत नाहीं, उत्तर समजेपर्यंत गप्प न बसण्याचा स्वभाव लागतो. असे लोक शिरूरच्या न्यायालयांत व दौंडच्या दवाखान्यांत पुरेसे आहेत.

गुणांची यादी आम्हांस नको आहे. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावण्याचा सोस केंब्रिजसारख्या विद्यापीठानेंहि आपल्या गणिताच्या ट्रायपॉसपुरता १९०९ नंतर सोडून दिला, आणि त्यापूर्वीं दहा वर्षें आपले रघुनाथराव परांजपे त्या यादींत अग्रस्थानीं आले होते म्हणून तो चालू ठेवावा असें तेथें कोणास वाटलें नाहीं. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेंच सांगावें. मात्र अनुत्तीर्णाला आंकडा न पाठवितां पत्र पाठवावें, त्यांत त्याचें कोणतें विधान कां टिकलें नाहीं तें दोन पानांत लिहावें, आणि पुढील वर्षीं पुन्हां बसण्याचें निमंत्रण द्यावें. तीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले आहेत. एका ठिकाणीं तर दिवसाला साठ पत्रिका संपविण्याची ताकीद होती, आणि आदर्श उत्तरांत नसलेला परंतु बरोबर असलेला मुद्दा लिहिणाऱ्या मुलीला गुण द्यावेत कीं नाहींत हें विचारण्यास गेलों तेव्हां, असले प्रश्न काढून काम थांबवूं नका, असें उत्तर मिळालें. ती मुलगी कोण होती हें आम्हांस कळण्याचा मार्ग नव्हता. तिला आपण कोठें चुकलों असें वाटत राहिलें असेल, याची रुखरुख अजून जात नाहीं.

पत्रांचें काम मोठें आहे हें आम्ही जाणतों. पण वर्षाला वीस उमेदवार बसले आणि पंधरा अनुत्तीर्ण झाले तर पत्रें पंधराच लिहावयाचीं आहेत. सहा परीक्षकांत वांटलीं म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला तीनहि येत नाहींत. पहिल्या वर्षाची प्रश्नपत्रिका काढण्यास कोणी पुढें येत नसेल तर ती आम्ही काढूं. आमची एकच अट आहे, आणि ती गेल्या बैठकींत आम्हीं मांडलेलीच आहे: जो कोणी परीक्षक म्हणून सही करील त्यानें पत्रिका उमेदवारांपुढें उघडण्यापूर्वीं तींतील दोन प्रश्नांचीं उत्तरें स्वतःच्या हातानें लिहून बंद पाकिटांत चिटणिसांच्या स्वाधीन करावींत, आणि निकालाच्या दिवशीं तीं पाकिटें सर्वांसमक्ष फोडावींत. उमेदवारांविषयींच्या सगळ्या अटींवर दोन तास हिरिरीनें बोललेल्या त्या बैठकीनें या अटीचा विचार वेळेअभावीं पुढें ढकलला आहे.